खारीच्या डब्यातला टॅक्स

ज्या बाईंमुळे माझं दुकान आज चालू आहे, त्यांच्याबद्दल आधी लिहिते. झालं काय ते मागाहून. नाव लिहायचं नाही असं त्यांनीच बजावलंय. साहेब म्हणतील ही ऑफिसच्या बाहेर फुकट सल्ले वाटत फिरते, असं म्हणाल्या. म्हणून नुसतं ताई. समोर असल्या तरी मी ताईच म्हणते, तेव्हा फार काही बदलत नाही.

ताई आमच्या गल्लीच्या टोकाच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जातात, तिथे टॅक्सचं काम करणाऱ्या एका साहेबांच्या ऑफिसात दिवसभर दुकानदारांचे आकडे कॉम्प्युटरवर भरतात. माणसं मूळची अकोल्याकडची, वडिलांच्या वेळेला मुंबईत आलेली. एप्रिलात जयंतीच्या आधी माझ्याकडच्या निळ्या बांगड्यांची अख्खी पेटी त्यांच्या बिल्डिंगीत जाते, पण त्यांच्या स्वतःच्या हातात एकही जात नाही. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. बांगडी घातली की ती टेबलावर खणखणते आणि साहेब मान वर करून बघतात. तीस वर्षं झाली, डाव्या मनगटावर घड्याळ आणि बाकी मोकळे हात. माझं कामच हाताचं, त्यामुळे माणूस समोर आलं की मी आधी हात बघते, तोंड नंतर. ताईंचं तोंड लक्षात राहिलं त्याच्या कितीतरी आधी ते मोकळे हात लक्षात राहिले होते.

माझं गाव मुखेडकडे. शाळा गावात सातवीपर्यंत होती, आठवीला दुसऱ्या गावी जायचं म्हटल्यावर घरच्यांनी दप्तर माळ्यावर टाकलं. मी रडले वगैरे नाही. खरं सांगायचं तर गणिताची भीती सुटली म्हणून त्या दिवशी बरंच वाटलं. पुढे त्याच गणिताने मुंबईत गाठलं ते वेगळं. मावशी आठवडी बाजारात बांगड्या भरायला बसायची, तिच्यासोबत जाऊ लागले. हात कसा धरायचा, अंगठ्याखालचं हाड कसं आत दाबायचं, बाई बोलण्यात गुंतली की त्याच क्षणाला बांगडी कशी पुढे सरकवायची, हे तिने शिकवलं. आणखी एक शिकवलं. ठरलेल्या बांगड्या भरून झाल्या की एक वरची घालायची. तिचे पैसे घ्यायचे नाहीत. मावशी म्हणायची, मोजलेल्या त्यांच्या, न मोजलेली आपली.

लग्न होऊन घाटकोपरला आले. नवरा रंगकाम करतो, कधी मुलुंडला साइट तर कधी पार बोरिवलीला. काही वर्षांनी एका चाळीच्या जिन्याखालचा गाळा भाड्याने मिळाला. मी आत बसले की गिऱ्हाइकाला बाहेर स्टुलावर बसावं लागतं, एवढी जागा. काचेच्या बांगड्या, टिकल्या, क्लिपा, पिना, रबर, दोन-चार पर्स टांगलेल्या. भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडून माल आणायचे. तो पाठकोऱ्या कागदावर चिठ्ठी करून द्यायचा, त्यावर मालाचं नाव आणि खाली एक बेरीज. तेव्हा व्हॅट का काय होता म्हणे. मला तो कधी दिसला नाही. असेल त्या बेरजेत कुठेतरी.

मग जीएसटी आला.

आमच्या गल्लीत तो येण्याच्या आधी त्याची भीती आली. किराणावाला म्हणाला आता सगळं वरून दिसतं. चपलावाला म्हणाला बिल नसलेला माल सापडला तर गाळ्याला सील लावणार. मी पुढच्या खेपेला भुलेश्वरला गेले तर व्यापाऱ्याकडे पाठकोरा कागद संपलेला. मशीनमधून छापील बिल निघालं. प्रत्येक मालापुढे आकडा, त्याच्यापुढे टक्के, केंद्राचे वेगळे, राज्याचे वेगळे. क्लिपा महागल्या, पर्स महागल्या. बांगड्यांपुढे टक्क्याच्या जागी काहीच छापलं नव्हतं, पण डझनाचा भाव त्यांचाही वाढलेला. त्याने विचारलं, "नंबर घेतला का तुम्ही?" मला वाटलं रांगेचा नंबर. मी म्हटलं, मी आत्ताच आले. तो हसला नाही, मागचा माणूस हसला.

ते बिल मी घरी येऊन चार वेळा वाचलं. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला मला रंगाच्या डब्यावरचंही वाचता येत नाही, तू तरी सातवी शिकलीस. मग मीच ठरवलं. सरकारने टॅक्स लावलाय म्हणजे तो कुणीतरी गोळा करायला येणार. आला आणि म्हणाला दे, तर माझ्याकडे असायला पाहिजे. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यावर टॅक्स घेऊ लागले. चाळीसची डझन बेचाळीसला. क्लिपेवर एक, पर्सवर पाच. ते पैसे गल्ल्यात नाही टाकले. खारीचा एक पत्र्याचा डबा होता, तो धुऊन पुसून देवाच्या फोटोशेजारी ठेवला आणि टॅक्सचं जे येईल ते त्यात. त्यातला एक रुपया मी कधी चहालाही काढला नाही. मला वाटायचं, मी किती नीट वागतेय.

आणि वाट बघत बसले. गल्लीत बगलेत फाईल धरलेला माणूस दिसला की माझा हात आधी डब्याकडे जायचा. एकदा एक माणूस थेट गाळ्यासमोर उभा राहिला, वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि आत वाकून बघू लागला. मी डबा काढून त्याच्यापुढे धरला. म्हटलं, सगळा आहे, मोजून घ्या. तो दोन पावलं मागे सरकला. "बाई, मी मीटर बघायला आलोय," म्हणाला.

गिऱ्हाइकं मात्र हलायला लागली. मी पैसे मागताना खरं तेच सांगायचे, एवढे बांगडीचे, एवढे टॅक्सचे. बायकांना ते आवडायचं नाही. मागच्या चाळीत कुडाळकडच्या एक काकू राहतात, त्यांचे मालक पूर्वी गिरणीत होते. जीभ अशी की भाजीवालासुद्धा त्यांना बघून आधीच भाव उतरवतो. श्रावणात त्या भरायला बसल्या, मी दोन रुपये वरचे सांगितले तर हात माझ्या हातात तसाच ठेवून म्हणाल्या, "काय गो, बांगडेक टॅक्स? उद्या हात धरल्याचो पण लावशीत." बाकीच्या दोघी हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं.

त्याहून मोठी चूक मी केली ती कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. वरची बांगडी घालणं मी बंद केलं. फुकट दिलेल्या बांगडीवर टॅक्स किती, ते मला कळत नव्हतं. ती लिहायची कुठे? न लिहिता दिली आणि कुणी विचारलं तर? पहिल्या दिवशी सवयीने हात पेटीकडे गेला आणि परत आला. समोरची बाई कळायला लागल्यापासून बांगड्या भरून घेत आली होती. तिने मनगट क्षणभर तसंच पुढे ठेवलं, मग ओढून घेतलं. ते थांबलेलं मनगट मला अजून आठवतं.

गौरी-गणपतीत आमचा खरा धंदा. त्या वर्षी निम्मा झाला. रस्त्यापलीकडे एक मोठं दुकान आहे, काचेचा दरवाजा, आत पंखे. माझ्या बायका तिकडे जाताना मला दिसायच्या आणि आपण दिसलो हे त्यांनाही कळायचं, मग त्या ओढणी सारखी करायच्या. दोन महिन्यांचं भाडं नवऱ्याच्या मजुरीतून गेलं. तो काही वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला की दिवाळीपर्यंत बघू, गाळ्याचं भाडं गाळ्यातून निघत नसेल तर तो सोडून देऊ, तू गावी जा, मी इथे साइटवरच्या पोरांसोबत खोलीत राहीन, खर्च वाचेल. हिशोबाने तो बरोबर होता. पण मी गावी जाऊन काय करणार होते? मावशी राहिली नव्हती. आठवडी बाजारात आता प्लास्टिकच्या बांगड्यांची गाडी उभी राहते. माझ्या अंगात एकच काम होतं आणि ते या जिन्याखालीच चालत होतं.

अशात घटस्थापनेच्या आधी ताई आल्या, भाचीला घेऊन. भाचीचा साखरपुडा होता. तोवर ताई म्हणजे येता-जाता मान हलवणाऱ्या बाई, एवढीच ओळख. स्टुलावर भाची बसली, ताई पायरीवर टेकल्या. मागे काकू आणि आणखी एक बाई नंबर लावून उभ्या. भाचीचा हात दोन-चारच्या मापाचा, मऊ; सहज भरला. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, बांगड्यांचे एवढे, टॅक्सचे एवढे, आणि टॅक्सचे डब्यात टाकले. ताईंनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा डब्याकडे. पैसे दिले, भाचीला उठवलं आणि गेल्या.

अर्ध्या तासाने परत आल्या, एकट्या. गाळ्यासमोर कुणी नव्हतं. स्टुलावर बसल्या आणि विचारलं, "त्या डब्यातलं कुणाला देणार आहेस?"

"येईल ना कुणीतरी घ्यायला."

"कोण?"

"टॅक्सवाले."

ताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. नंतर कळलं की त्या हसू आवरत होत्या, पण तेव्हा मला वाटलं रागावल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, घाबरू नकोस. काचेच्या बांगडीवर टॅक्स नाहीच. आणि तुझ्याएवढ्या दुकानाला नंबर घ्यावा लागत नाही. नंबर नाही तर गिऱ्हाइकाकडून टॅक्स म्हणून एक रुपया घेता येत नाही. क्लिपेवर पण नाही."

इतके दिवस मला भीती होती की टॅक्स दिला नाही तर पकडतील. आता कळलं की घेतला म्हणून पकडतील. मी विचारलं, "मग मला जेल होणार?"

"खारीच्या डब्यासाठी कोण जेलमध्ये घालतं गं? टेन्शन नको घेऊस. मी साहेबांना विचारते. तोवर एक कर, आजपासून बंद. आणि डब्याला हात लावू नकोस."

डब्याला हात लावू नकोस, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. तरी त्या जाताना पुन्हा वळल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांसमोर बोलले नाही, कारण त्या काकूंनी तुझी वाट लावली असती." त्या वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. चूक दाखवणारी माणसं मला शाळेतही भेटली होती. आधी गर्दी जाऊ देणारं त्यांच्यात कुणी नव्हतं.

साहेबांनी काय सांगितलं ते ताईंनी दोन दिवसांनी आणलं. टॅक्स म्हणून घेतलेला पैसा आपल्याकडे ठेवता येत नाही. छापील बिल दिलेलं नाही, गिऱ्हाइकं गल्लीतलीच, तेव्हा ज्यांचे घेतले त्यांना शोधून परत दे. ताई म्हणाल्या, साहेब आधी खूप हसले, मग चष्मा पुसत म्हणाले की आपल्या मोठ्या अशिलांना या बाईकडे शिकवणीला पाठवायला पाहिजे.

त्यानंतरचे पाच-सहा रविवार ताई माझ्या स्टुलावर बसल्या. सुट्टीचा एकच दिवस, त्यातले दोन तास मला. मी चहा मागवायचे तर पैसे त्या द्यायच्या. पहिल्या रविवारी भुलेश्वरचं छापील बिल मांडीवर घेऊन बसल्या आणि समोर टांगलेली क्लिपांची पट्टी काढायला सांगितली.

"ही क्लिप कारखान्यात झाली. कारखानदाराने विकताना टॅक्स लावला. भुलेश्वरवाल्याने घेतली, आपला नफा चढवून तुला विकली. तो सगळ्या किमतीवर टॅक्स घेतो, पण सरकारला भरताना कारखानदाराला दिलेला वजा करतो. म्हणजे खिशातून किती गेला? त्याने जेवढी किंमत वाढवली तेवढ्यावरचाच. असं हातातून हातात. आता क्लिप तुझ्याकडे आली. तुझा नंबर नाही, तुला वजा करता येत नाही. म्हणून बिलावरचा टॅक्स हा तुझ्यापुरता टॅक्सच नाही, ती तुझी खरेदीची किंमत. त्यावर आपला नफा चढव आणि एकच भाव सांग. तू काय करत होतीस? टॅक्स भरलेल्या क्लिपेवर परत टॅक्स."

मी म्हटलं, मग समोरचं मोठं दुकान? त्याला तर वजा करता येतं, तो स्वस्त देणार आणि मी मरणार.

ताईंनी मान हलवली. म्हणाल्या, त्याला वजा करता येतं, पण त्याच्या नफ्यावर पण टॅक्स लागतो. तुझ्या नफ्यावर लागत नाही. तू एका क्लिपेमागे त्याच्याएवढाच नफा ठेवलास तरी तुझी क्लिप त्याच्यापेक्षा थोडी खाली राहील. मला हे पटेना. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं, त्यांनी दहाच्या, पंधराच्या पिना स्टुलावर मांडून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी स्वतः मांडल्या. उत्तर तेच आलं. इतके महिने मी त्या काचेच्या दरवाजाकडे बघत होते आणि आपलंच भांडवल डब्यात भरून देवापाशी ठेवत होते.

"मग बांगड्या का महागल्या?" मी विचारलं. "तुम्ही म्हणता त्यांच्यावर शून्य आहे. काकू म्हणतात टीव्हीवर पण शून्य सांगितलं. भुलेश्वरवाला तर भाव वाढवून बसलाय."

"शून्य विकताना. पण बांगडी यायला खोका लागतो, ट्रक लागतो, भट्टी लागते. त्यासाठी टॅक्स दिला जातो. आता बांगडीवर पुढे टॅक्सच नाही, मग तो वजा कशातून करणार? कशातूनच नाही. तो बांगडीतच मुरतो."

मी हातातल्या बांगडीकडे बघितलं. कळलं. सातवीनंतर पहिल्यांदा असं काहीतरी कळलं की जे कळल्यावर मी दुसऱ्याला सांगू शकले असते. त्या दिवशी ताई गेल्यावर मी दुकानात एकटी होते तरी लाज वाटली इतकी खूश होते.

राहिला डबा. पैसे परत द्यायचे, पण कुणाला? मी कधी नावं लिहिली नव्हती. ताईंनी विचारलं, काहीच आठवत नाही का? मी म्हटलं, नावं नाही आठवत, हात आठवतात. त्यांना वाटलं गंमत करतेय. मग मी सांगू लागले आणि त्या शाळेच्या वहीत लिहू लागल्या. दोन-सहा, डाव्या मनगटावर तव्याचा चटका. दोन-आठ, अंगठ्याचं हाड जाड, प्रत्येक वेळी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून भरावं लागतं, दोनदा आली. दोन-चार, करंगळी वाकडी, गौरीच्या आदल्या दिवशी हिरव्या. असं पानामागून पान भरलं. ताईंचा हात दुखला तेव्हा थांबल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं आकडे भरतेय, असा रेकॉर्ड नाही बघितला."

बायका यायला लागल्या तशी मी द्यायला लागले. तोंडाने सांगताना जीभ अडखळायची. काही जणींनी घेतले, काही म्हणाल्या दोन रुपयांनी काय होतंय, ठेव. मी ठेवत नव्हते. काकू भेटल्या तेव्हा वाटलं आता बोलणं खावं लागणार. पैसे हातात दिले, सांगितलं की माझी चूक झाली, हा टॅक्स नव्हताच. काकूंनी नाणी उलटसुलट करून बघितली. "सरकारान परत दिल्यान?" मी म्हटलं, नाही काकू, मीच घेतले होते, मीच देतेय. त्यांनी ते ऐकलं की नाही देव जाणे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीत बातमी की जिन्याखालच्या बांगडीवालीकडे सरकारचे पैसे परत मिळतायत. दुसऱ्या दिवशी गाळ्यापुढे रांग. त्यातल्या कितीतरी जणींना मी आयुष्यात बांगडी भरली नव्हती. एकीने तर हात पुढे केला, मी तो धरून बघितला आणि म्हटलं, हा हात माझ्याकडे आलेला नाही. ती लाजून हसली आणि म्हणाली, मग आता भर. तिने दोन डझन भरून घेतल्या. रांगेतल्या आणखी चौघींनी भरल्या. काकू पायरीवर बसून सगळ्यांना सांगत होत्या, चोख बाय आसा, दोन रुपये पण ठेवन घेवक नाय. मला बघून तोंड फिरवलं, म्हणजे मी ऐकलं नाही असं त्यांना राहू द्यायचं होतं.

त्या दिवशी मी पहिल्या बाईला वरची बांगडी घातली. तिने मनगट तसंच पुढे ठेवलं होतं, बहुतेक सवयीने. मी घातली आणि ती उठली. ती वरची कुठे लिहायची, हा प्रश्न मी ताईंना आधीच विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या, तुझ्या दुकानात ती कुठे लिहायची गरज नाही, घाल खुशाल.

दिवाळीला गाळ्याचं भाडं गाळ्यातून निघालं. खरं तर जेमतेम निघालं असं म्हणायला हवं, कारण फराळाचं सामान उधारीवर आणलं. पण नवऱ्याने गावी जायचं पुन्हा काढलं नाही. फक्त भाऊबीजेच्या दिवशी माझ्या नकळत गाळ्याला आतून रंग देऊन ठेवला. उरलेला साइटचा रंग, एक भिंत पिवळी, एक मोतिया. तशीच आहे अजून.

डब्यातले सगळे पैसे मात्र कधीच संपले नाहीत. काही हात परत आले नाहीत. वाकोल्याला राहायला गेलेली एक, बाळंतपणाला गेली ती गावीच राहिलेली एक, कायमच्या पलीकडच्या दुकानात गेलेल्या काही. त्यांचं काय करायचं विचारलं तर ताई म्हणाल्या, वाट बघ. तू वाट बघण्यात हुशार आहेस. म्हणून डबा अजून देवाशेजारी आहे. तीन वर्षांनी चटक्याची खूण असलेला एक हात आला होता. मी बांगडी भरायच्या आधी पैसे दिले. तिला काहीच आठवत नव्हतं.

मध्ये दर बदलले, पुन्हा बदलले. अलीकडे क्लिपा-पिनांचा टॅक्स उतरला तेव्हा मी भुलेश्वरचं बिल दुकानात उभ्याउभ्याच वाचलं आणि व्यापाऱ्याला म्हटलं, तुमचा टक्का खाली आलाय पण मूळ भाव वर कसा? त्याने माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि बिल पुन्हा काढलं. माझ्याकडचा जुना माल जुन्या टॅक्सचा होता. माझं वजा होत नाही, त्यामुळे त्यात मला खोट आली. तरी मी भाव उतरवला. बायका पेपर वाचतात, टीव्ही बघतात. थोडी खोट परवडते, मनगट ओढून घेतलेलं परवडत नाही. हे सगळं ताईंना सांगायला रविवारची वाट बघितली. त्या म्हणाल्या, बरोबर केलंस. एवढंच. मी दिवसभर तेच आठवत बसले.

भीती अजून वाटते. शटर लावल्यावर कुलूप दोनदा ओढून बघते. फाईलवाला माणूस दिसला की अजून नजर डब्याकडे जाते. पण आता तो जवळ आला तर काय बोलायचं ते मला माहीत आहे.

गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या बायकांचे हात मी धरलेत. ताईंचा एकदाही नाही. एका रविवारी मी विचारलं, ताई, तुम्ही कधी भरणार? त्या म्हणाल्या, रिटायर झाले की. मी म्हटलं, मग त्या दिवशी माझ्याकडून, दोन्ही हात, पैसे घेणार नाही. ताई लगेच ऑफिसातल्या आवाजात म्हणाल्या, "फुकट नाही. भाव सांग, पैसे घे, मग भर. नाहीतर मी समोरच्या काचेच्या दुकानात जाईन."

त्यांना रिटायर व्हायला अजून दोन वर्षं आहेत. मी हिरव्या आणि निळ्या बांगड्यांची एक पेटी वेगळी काढून वरच्या फळीवर ठेवली आहे. साइज अंदाजाने धरलाय, दोन-सहा, पण टाइपरायटर-कॉम्प्युटरवर तीस वर्षं वाकलेल्या बोटांचा अंदाज चुकू शकतो म्हणून दोन-आठच्याही ठेवल्यात. ताई, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागवाल, पण मी ठरवलंय. त्या दिवशी तुम्ही म्हणाल तसंच करीन. भाव सांगीन, पैसे मोजून घेईन. मग दोन्ही हातांत एकेक वरची घालीन, आणि त्या दोन तुम्हाला परत करता येणार नाहीत.